सरकीने खाल्लेली पत्री

आमच्या घरातल्या सशाचा जीव मी घेतला, आणि तो अत्यंत भक्तिभावाने घेतला.

ही गोष्ट मी तीस वर्षं घराबाहेर कुणाला सांगितली नाही. आता सांगायला हरकत नाही, कारण ज्यांना तोंड दाखवायची लाज वाटायची ती माणसं भिंतीवर हार घालून बसली आहेत. शिवाय परवा लातूरहून नातीचा फोन आला. तिने ससा पाळलाय. त्याचं नाव मोमो. व्हिडिओवर मला दाखवला. करडा, गुबगुबीत, तोंड सारखं चालू, शाळेतल्या आमच्या हेडबाईंसारखा.

"आजी, ह्याला शेपू चालतो का गं?"

"चालतो. धुऊन, कोरडा करून दे. आणि थोडाच दे."

"आणि गाजर?"

"बोटाच्या पेराएवढं. गाजर म्हणजे त्याचा पेढा, जेवण नव्हे. जेवायला गवत घाल, हरळी घाल. कोथिंबीर, पुदिना, जास्वंदीचं पान चालेल. कांदा-लसूण नको, टोमॅटोचा पाला नको, बटाट्याचा नको. तुझ्या आईने गॅलरीत लावलेला मनीप्लांट तर त्याला दिसूही देऊ नको."

"बापरे! तुला एवढं कसं माहीत?"

"विज्ञानाची बाई होते ना मी," म्हटलं आणि फोन ठेवला. खोटं बोलायला ह्या वयातही तितकंच सफाईने जमतं, हे पाहून जरा बरं वाटलं. मग वाटेनासं झालं.

त्या वर्षी मी चाळिशीला आले होते. नांदेडला मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवत होते आणि आपल्याला सगळं येतं असा माझा पक्का समज होता. मुलगी लातूरला अकरावीला. घरात आम्ही तिघं. मी, हे, आणि माझे सासरे आण्णा. हे विष्णुपुरीला धरणाकडे नोकरीला. आण्णांचा सगळा जन्म हदगावकडच्या आमच्या गावी कापसात गेलेला. सासूबाई गेल्या, तसं शेत बटईने दिलं आणि आम्ही त्यांना नांदेडला घेऊन आलो. ते आले. त्यांचं बोलणं मात्र गावीच राहिलं.

रुसवा नाही, आजार नाही. नुसतं बंद.

"आण्णा, जेवायला बसता का?"

"हाव."

"भाजी वाढू अजून?"

"न्हाई."

झालं. सकाळी एक हाव, संध्याकाळी एक न्हाई. पन्नास वर्षं ज्या बाईला दिवसभराचं सगळं सांगितलं तीच गेल्यावर आता कुणाला सांगायचं, असं त्यांचं झालं असावं. मला हे आज समजतं. तेव्हा मी त्यांना बी कॉम्प्लेक्सच्या गोळ्या सुरू केल्या होत्या.

मग एकदा हे कामासाठी देगलूरला गेले आणि परत येताना रेक्झिनच्या पिशवीतून एक पांढरा ससा घेऊन आले.

"हे काय?"

"ससा."

"ते दिसतंय. कशाला आणला?"

"बाजारात होता. कोपऱ्यात गप्प बसून सगळीकडे बघत होता. मला एकदम आण्णा आठवले." (बापावरचं प्रेम पुरुष असं दाखवतात.)

सफरचंदाच्या लाकडी खोक्यात ससा ठेवला. दोन दिवस आण्णा त्याच्याकडे आणि तो आण्णांकडे बघत राहिला. तिसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेत निघाले होते. आण्णा खोक्याशी उकिडवे बसलेले. त्यांनी सशाखालच्या चार काळ्या लेंड्या तळहातावर घेतल्या, उजेडात धरल्या आणि आठ महिन्यांत पहिलं पूर्ण वाक्य बोलले, "मास्तरीण, हे बघ. हे तर सरकी टाकून राहिलं."

वर कापसासारखं पांढरं अंग आणि खाली काळे दाणे. जन्मभर कापूस वेचलेल्या माणसाला दुसरं काय दिसणार? सशाचं नाव सरकी पडलं. (तो नर होता हे पुढे कळलं. तोवर नाव अंगवळणी पडलं होतं. आमच्याही आणि त्याच्याही.)

आणि आण्णा बोलायला लागले. आमच्याशी नाही. सरकीशी.

मी ओट्यापाशी उभी राहून कान देऊन ऐकायची. "आज वरण लई पातळ झालतं. म्हणून मी न्हाई म्हणलो. तसं पोटात जागा होती." माझ्या स्वयंपाकाच्या तक्रारी मला सशामार्फत कळू लागल्या. मी वरण घट्ट केलं. दुसऱ्या दिवशी ऐकू आलं, "आज बरं होतं. पर मीठ." मी मीठ वाढवलं. अशा रीतीने महिनाभरात माझा स्वयंपाक सुधारला आणि आण्णांच्या अंगाला मूठभर मांस आलं. गोळ्या बंद केल्या. हे एकदा मला हळूच म्हणाले, "बघितलंस? देगलूरचा ससा आहे तो." जसं काही देगलूरच्या सशांना त्यासाठी डिग्री देतात.

पण त्याच दिवसांत माझ्यातली विज्ञानाची बाई जागी झाली. झालं असं, की आण्णा रोज सकाळी कालव्याच्या कडेची हरळी कापून आणायचे. ती जुन्या धोतरावर पसरून ठेवायचे, दव वाळेपर्यंत तिला हात लावू द्यायचे नाहीत.

"ओलं घातलं की पोट फुगतं," हे त्यांनी सरकीला सांगितलं. म्हणजे मला.

बरोबर होतं ते. पण हे त्यांना कुणी सांगितलं? कुठल्या पुस्तकात आहे? पुस्तकात नसताना बरोबर असणं मला सहनच होईना. मी शाळेतून एक मोठा पुठ्ठा आणला, चार पुस्तकं चाळली आणि स्केचपेनने तक्ता तयार केला. वर ठळक अक्षरात 'सशाचा आहार'. डावीकडे हिरव्या शाईत 'द्यावे', उजवीकडे लाल शाईत 'देऊ नये'. प्रत्येकासमोर पानाचं चित्र. चित्रांना शिरासुद्धा काढल्या. तो तक्ता खोक्याच्या वर भिंतीला ठोकला.

आण्णांनी मान वर करून बराच वेळ पाहिलं. "हे कुणासाठी?"

"तुमच्यासाठी. सशाने काय खावं, काय खाऊ नये, सगळं आहे त्यात."

"ब्येस केलं. सरकीला वाचून दाखवतो."

मला वाटलं थट्टा. पण संध्याकाळी खरंच तक्ता खाली काढून, चष्मा लावून, बोट ठेवून एकेक अक्षर वाचून दाखवत होते. सरकीने डावा रकाना संपेपर्यंत शांतपणे ऐकलं आणि मग तक्त्याचा खालचा कोपरा खाल्ला.

हे सगळं फार सुखाचं चाललं होतं. म्हणूनच मला शंका यायला हवी होती. पण विज्ञानाच्या बाईला सुखाची शंका येत नाही.

सासूबाईंचं वर्षश्राद्ध झालं आणि भाद्रपदात पहिली हरतालिका माझ्या एकटीच्या अंगावर आली. तोवर दर वर्षी आम्ही गावी जायचो आणि सगळं त्याच करायच्या. मी फक्त आरतीला उभी राहायचे, तेही घड्याळ बघत. सोळा पत्री असतात हे मला ठाऊक होतं. त्यांची मांडणीही आठवत होती. सासूबाई सगळ्या पानांची एक जुडी पांढऱ्या दोऱ्याने बांधायच्या आणि त्यातली दोन-तीन पानं वेगळी काढून त्यांची बारकी जुडी काळ्या दोऱ्याने बांधायच्या. वाहायच्या मात्र दोन्ही.

एकदा मी विचारलं होतं, "आई, ही वेगळी का?"

"तशीच असती ती."

"पण का?"

"तशीच असती, बाई."

माझं आणि त्यांचं जे काही वाजायचं, ते ह्या 'तशीच असती' वरूनच. मी प्रयोगवहीतून वर आलेली, मला कारण हवं असायचं. त्या काही सांगायच्या नाहीत. मी मनात म्हणायची, काय ही अंधश्रद्धा! पानांतसुद्धा भेदाभेद! पुढे त्यांच्या पूजेच्या डब्यात ते काळ्या दोऱ्याचं रीळ मला सापडलं, तेव्हा मी ते ह्यांच्या कोटाचं बटण लावायला वापरून टाकलं. सुधारणा घरापासूनच करावी लागते ना.

हरतालिकेच्या आदल्या दिवशी बाजारात पत्री विकणाऱ्या मावशीकडे गेले. तिच्या ढिगात पंधराच निघाली.

"मावशी, कण्हेर दिसत नाही यात."

"कण्हेर काय इकत घेत्यात व्हय बाई? कंपौंडाला आसल की. तोडायची."

कंपाउंडाला होतीच. गुलाबी कण्हेर, मीच हौसेने लावलेली. माझ्या झाडाची, माझ्या हाताने चांगली फांदीभर तोडली आणि सोळाच्या सोळा पत्री एकाच पांढऱ्या दोऱ्यात बांधल्या. माझ्या पूजेत भेदाभेद नव्हता.

हरतालिकेला दिवसभर पाण्याचा थेंबही घेतला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तरपूजा केली, दहीभाताचा नैवेद्य दाखवला आणि हातात ते सुकलेलं निर्माल्य घेऊन उभी राहिले. आता ह्याचं काय करायचं? गावी सासूबाई नदीवर जायच्या. इथे गोदावरी लांब, मोदकांची उकड व्हायची बाकी, गणपती दारात यायची वेळ झालेली. हे आणि आण्णा मूर्ती आणायलाच गेले होते. टोपलीत टाकावं तर मन होईना. तेवढ्यात खोक्यात सरकी मागच्या दोन पायांवर उभी राहिली आणि नाक हलवून माझ्याकडे बघायला लागली.

मला काय सुचलं म्हणून सांगू? देवाला वाहिलेलं पायदळी जाण्यापेक्षा मुक्या जिवाच्या मुखी जावं. किती सुंदर विचार! माझे मलाच डोळे भरून आले. (निर्जळी उपासाने तसे येतात.) जुडी सोडून सगळं तिच्यापुढे पसरलं, वर दोन्ही हात जोडले आणि उकड काढायला आत गेले.

दुपारी दारात गणपती आला. ह्यांच्या हातात पाट, पाटावर मूर्ती, मूर्तीवर रुमाल. मागे आण्णा झांज वाजवत. पंधरा महिन्यांत त्यांच्या तोंडून इतका मोठा 'मोरया' मी ऐकला नव्हता. मी भाकरतुकडा ओवाळला, पायावर पाणी घातलं. आण्णांची नजर सवयीने खोक्याकडे गेली. ते आले की सरकी उभी राहायची. ती राहिली नाही.

झांज थांबली. "सरकी?"

मी ताम्हन हातात घेऊन तशीच. आण्णा मला ओलांडून आत गेले आणि खोक्याशी बसले. सरकी कुशीवर पडली होती. तोंड ओलं, लाळ गळत होती. आण्णांनी कान हातात घेतले. "गार पडलेत की."

दारातून हे म्हणाले, "मी आत येऊ का?"

"थांबा जरा."

"अगं, जड आहे देव."

"थांबा म्हटलं ना!"

त्या वर्षी आमच्या गणपतीने उंबऱ्यावर बराच वेळ काढला. त्यानेही सगळं पाहिलं, हे मला पुढचे दहा दिवस त्याच्याकडे बघताना जाणवत होतं.

मी खोक्यात वाकले. दूर्वा खाल्लेल्या. बोरीचा पाला खाल्लेला. बेल तसाच. आणि एका कोपऱ्यात कण्हेरीची नुसती काडी, तिच्यावर एकच पान, अर्धं कुरतडलेलं. बाकीची पानं नव्हती. मी सातवीला दर वर्षी शिकवायची, की कण्हेरीचा चीक, पान, फूल, साल सगळं विषारी. परीक्षेला हमखास विचारायची. ज्या मुली चुकायच्या त्यांना पाच-पाच वेळा लिहायला लावायची.

मी तक्त्याकडे मुद्दाम पाहिलं नाही. ते पान बोटाने हळूच गवताखाली सरकवलं.

पलीकडच्या गल्लीत जनावरांचे एक डॉक्टर राहायचे. सुट्टीचा दिवस, तेही पूजेला बसलेले. बिचारे तसेच सोवळ्यात आले, उघड्या अंगावर स्टेथोस्कोप. जन्म म्हशींत गेलेला. सरकीच्या छातीला नळी लावायला त्यांना जागा सापडेना.

"ठोके लई वेडेवाकडे आहेत. काय खाल्लं ह्यानं?"

आण्णांनी माझ्याकडे पाहिलं. ह्यांनीही पाहिलं.

"रोजचंच," मी म्हटलं. "हरळी. आणि गाजर."

"गाजर? भाद्रपदात कुठं भेटलं तुम्हाला गाजर?"

"वाळवलेलं होतं."

(वाळवलेलं गाजर मी आजतागायत कुठे पाहिलेलं नाही.)

डॉक्टर म्हणाले, "बाई, सशाला ओकता येत नाही. आत गेलं ते गेलं. पण काय गेलं ते कळलं, तर निदान काही इलाज होतो का ते बघता येईल. नीट आठवा. दुसरं काही?"

"काही नाही."

हे दोन शब्द मी अगदी स्वच्छ आवाजात म्हटले. वर्गात फळ्यावर लिहिल्यासारखे. खरं सांगितलं असतं तरी सरकी वाचली असती असं नाही. मी पुढे पुष्कळ वाचलं, पुष्कळांना विचारलं. कण्हेर एवढी पोटात गेल्यावर एवढासा जीव काय वाचणार. पण हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. तेव्हा मला एवढंच ठाऊक होतं, की विज्ञानाच्या बाईने सशाला कण्हेर घातली हे सासऱ्यांना, नवऱ्याला आणि म्हशीच्या डॉक्टरांना कळता कामा नये.

सूर्य मावळायच्या आत सरकी गेली. आण्णांच्या मांडीवर.

त्यांनी मागच्या अंगणात जास्वंदीखाली स्वतः खड्डा घेतला. ह्यांना कुदळ धरू दिली नाही. मग आत आले, देवापुढच्या तबकातली एकवीस दूर्वांची जुडी उचलली आणि घेऊन गेले. मी काही बोलणार तेवढ्यात म्हणाले, "देवाला उद्या आणतो. हिला उद्या न्हाई."

आणि मग परत 'हाव' आणि 'न्हाई' वर आले.

रोज सकाळी उठायचे, कालव्याकडे जायचे, रिकाम्या हाताने परत यायचे आणि खोक्याशी बसायचे. मी वरण पातळ केलं, घट्ट केलं, एकदा मुद्दाम मीठच घातलं नाही. तक्रार कानावर येईना. येणार कुठून? माझ्या हाताने मी सासऱ्यांचं तोंड दुसऱ्यांदा बंद केलं होतं. पहिल्यांदा निदान मरणाने केलं होतं.

गल्लीतल्या बायका चौकशीला यायच्या. शेजारच्या चंद्रकलावहिनींना मी सांगितलं, मांजराला घाबरली. समोरच्या काकूंना सांगितलं, हवा बदलली, तिला सोसली नाही. शाळेतल्या बाईंना सांगितलं, सशाचं आयुष्यच तेवढं असतं. दूधवालीला काहीतरी सांगायचंच म्हणून म्हटलं, नजर लागली. खोटं बोलताना एकच कारण धरून ठेवावं, एवढा साधा नियम मला कुणी शिकवला नव्हता.

महालक्ष्म्यांच्या हळदीकुंकवाला ह्या चौघीही एकाच सतरंजीवर आल्या.

"गोड होता हो ससा," चंद्रकलावहिनी म्हणाल्या. "पण मांजराचं काय करता!"

"मांजर? मला तर हवा म्हणाल्या."

"हवा कुठली? वय झालं होतं ना त्याचं?"

"वय कुठलं, वर्षाचा नव्हता. नजर लागली म्हून ह्याच बोलल्या की मला."

आणि चौघीही माझ्याकडे वळल्या. हातात हळदीकुंकवाची कोयरी, समोर महालक्ष्म्यांचे दोन मुखवटे, तेही टक लावून. सहा डोकी माझ्या उत्तराची वाट बघत होती आणि माझ्यापाशी पाचवं कारण तयार नव्हतं.

तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून आण्णांचा आवाज आला.

"म्या ओली हरळी घातली. पोट फुगलं. माही चूक झाली."

चंद्रकलावहिनी कुजबुजल्या, "वय झालं बिचाऱ्यांचं, ध्यानात राहत नाही." मी कोयरी घेऊन पुढे सरकले आणि एकेकीच्या कपाळाला कुंकू लावत गेले. ज्या माणसाने दव वाळल्याशिवाय गवताच्या काडीला हात लावू दिला नाही, त्याने चारचौघींत स्वतःला अडाणी म्हणवून घेतलं होतं. आणि मी, शिकलेली सून, त्यांच्या कपाळावर खापर फुटू देऊन इतरांच्या कपाळावर कुंकू लावत होते.

तरी मी आणखी काही दिवस काढले, हे सांगितलंच पाहिजे. उद्या सांगू, नैवेद्य झाला की सांगू, हे ऑफिसला गेले की सांगू. माणूस स्वतःला किती सवलती देतो.

अनंत चतुर्दशीला सकाळी गणपतीचं निर्माल्य गोळा करत होते. दूर्वा, फुलं, केवडा. टोपली घेऊन मागच्या दारी आले तर आण्णा रिकाम्या खोक्याशी बसलेले. मी टोपली खाली ठेवली आणि त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. सुनेने सासऱ्यांसमोर असं बसायची आमच्याकडे रीत नाही. बसले.

"आण्णा, हरळी ओली नव्हती."

त्यांनी मान वर केली.

"मी घातलं तिला. हरतालिकेचं निर्माल्य. त्यात कण्हेर होती. डॉक्टरांनी विचारलं तेव्हाही मी सांगितलं नाही."

एवढं बोलून मी रडायला लागले. वर्गात मुलींना 'रडून उत्तर बरोबर येत नाही' म्हणणारी मी.

आण्णांनी बंडीच्या खिशात हात घातला आणि एक वाळकं पान काढून खोक्याच्या कडेवर ठेवलं. अर्धं कुरतडलेलं.

"त्याच दिशी सापडलं," ते म्हणाले.

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं? मग ओली हरळी कशाला म्हणालात?"

"चौघीजणी तुला घेरून राहिल्या होत्या. मंग काय करू?" आणि ते एकदम, कुणी बंधाऱ्याची फळी काढावी तसे, बोलायला लागले. "तुही सासू नवी नवरी होती. पयलीच हरतालिका तिची. पाटाखालची सगळी पत्री उचलली आन् गोठ्यात नेऊन कालवडीम्होरं टाकली. देवाचं हाय, पुण्य लागंल म्हणली असंल. सांजच्याला कालवड आडवी. घरची पयली कालवड. माह्या आईनं इचारलं, काय झालं? तर म्हणती, साप चावला आसंल. आठ दिस गडी गोठ्यात साप हुडकून राहिले. गोठ्याचा कूड उकलला सगळा. साप काय घावला न्हाई."

मी डोळे पुसायचे विसरले. "मग?"

"मंग काय? मला पान घावलं होतं गव्हाणीत. म्या ठिवलं खिशात. म्हणलं, सांगंल कवातरी. दुसऱ्या साली हरतालिकेला बघतो तर कण्हेर, रुई, धोत्रा निराळे काढले आन् काळ्या दोऱ्यानं बांधले. कुणाच्या बी घरी जनावराला चुकून पडू नये म्हणून. तवा म्या समजलो. पर तोंडानं सांगितलं तिनं तीन सालानं. असंच बसून. असंच रडून."

'तशीच असती ती, बाई.' आता मला कळलं, त्या का सांगत नव्हत्या. आणि कुणाला नव्हत्या सांगत. सुनेपुढे, त्यातून मास्तरीण सुनेपुढे, कुठल्या तोंडाने सांगतील की मी एक कालवड मारली? त्यांनी सांगितलं नाही, फक्त दोरा बांधून दाखवला. वीस वर्षं दर भाद्रपदात मला दाखवला. आणि मी तो बटणाला लावला.

"आण्णा, तुमचा राग नाही ना?"

ते सरकीच्या जास्वंदीकडे बघत राहिले. "राग हाय की. लई हाय. सरकी गेली माही." मग खोक्याच्या कडेवरचं पान उचलून त्यांनी माझ्या टोपलीत टाकलं. "पर तिला तीन सालं लागले सांगायला. तुला धा दिस. शिकलेली हायेस, तेवढा तरी फरक पडंल का न्हाई?"

त्यानंतर आण्णा चार वर्षं होते आणि चारही वर्षं बोलत होते. दुसरा ससा त्यांनी आणू दिला नाही. आता ते माझ्याशी बोलायचे. सासूबाई कशा हसायच्या, बाजारातून येताना बैलगाडीत कशा झोपायच्या, मला गुपचूप कशा 'आमची सायन्सवाली' म्हणायच्या. मी वीस वर्षं त्या बाईंशी भांडले आणि त्या गेल्यावर मला त्यांची ओळख झाली, तीही एका सशाच्या जिवावर. वरण पातळ झालं तर आण्णा मला तोंडावर सांगायचे. ते ऐकताना मला दर वेळी सरकी आठवायची आणि मी ताटावरून उठून जायची. त्यांना वाटायचं, सुनेला राग आला.

सरकी गेली त्याच्या पुढच्या वर्षापासून हरतालिकेला मी काळा दोरा विकत आणते. घरात ससा नाही, कालवड नाही, मांजरही फिरकत नाही. तरी बांधते. पूजेला येणाऱ्या सुना-लेकी विचारतात, "ही वेगळी का?" मी म्हणते, "तशीच असते." फरक एवढाच, की पुढचं सगळंही सांगते. निदान आता सांगेन. हे लिहिलंय ते त्याचसाठी.

नातीला परवा पुन्हा फोन केला आणि खरं काय ते सांगितलं. मागे मोमोचं कुरकुर खाणं ऐकू येत होतं. मग ती म्हणाली, "आजी, तो तक्ता आहे अजून?"

ट्रंकेच्या तळाशी होता. काढला, झटकला, फोनच्या कॅमेऱ्यासमोर धरला. खालचा कोपरा सरकीने खाल्लेला. हिरवी शाई उडून गेलेली. लाल मात्र अजून ठसठशीत. 'देऊ नये' च्या खाली पहिलंच नाव, पानाच्या शिरांसकट, दोनदा अधोरेखित. कण्हेर.

"आजी," नात हळूच म्हणाली, "पहिल्याच नंबरला आहे की गं. तू वाचलं नव्हतंस?"

"मी कशाला वाचेन, बाई?" मी म्हटलं. "मी लिहिलं होतं. वाचायला सशाला सांगितलं होतं."